खडूची दीपमाळ आणि शिसाचे प्यादे : सूक्ष्मशिल्प वरून खाली कसे कोरावे

फळ्यावरचा खडू, अंगाचा साबण, शिसपेन्सिल अशा घरातल्या वस्तूंतून सूक्ष्मशिल्प करू पाहणाऱ्यांची पहिली कामे बहुधा अर्ध्यावर मोडतात. असे झाले की दोष हाताला किंवा नजरेला दिला जातो. प्रत्यक्षात मोडतोडीची दोन कारणे वारंवार दिसतात : वस्तू तपासून आणि वाळवून न घेता थेट ब्लेड लावणे, आणि कामाचा क्रम उलटा धरणे. या लेखात फळ्याच्या खडूतून दीपमाळ कशी कोरावी हे सविस्तर दिले असून त्याच पद्धतीने पेन्सिलीच्या शिसातून बुद्धिबळाचे प्यादे कसे काढावे हे शेवटी सांगितले आहे. दीपमाळ निवडण्याचे कारण असे की, खडू मुळातच गोल आणि उभा असल्याने निम्मा आकार हातात तयार मिळतो, आणि आपल्या बेळगाव भागातील कित्येक देवळांपुढे दीपमाळ उभी असल्याने नमुना प्रत्यक्ष पाहून मापे घेता येतात.

सर्व टप्प्यांना लागू असलेला नियम आधीच ध्यानात घ्यावा. बांधकाम खालून वर जाते. कोरीव काम वरून खाली यायला हवे. वेरूळचे कैलास लेणे याच क्रमाने, शिखराकडून पायाकडे खोदत आणलेले आहे. खडूच्या बाबतीत कारण अगदी साधे आहे : वरचा भाग कोरताना पडणारा दाब खालच्या भागाला सोसावा लागतो, म्हणून वरचे काम पूर्ण होईपर्यंत खालचा भाग जाडच राहिला पाहिजे. तळाचा ओटा आधी नीट करून मग वर सरकणारा माणूस शेवटचा कळस कोरत असताना दीपमाळ मधूनच मोडते, ती यामुळेच.

टप्पा १ : खडू निवडणे आणि वाळवणे

बाजारात मुख्यतः दोन प्रकारचे पांढरे खडू मिळतात. साधा खडू जिप्समचा असतो. तो मऊ, हलका आणि बोटांना पीठ लागणारा असतो. धूळविरहित म्हणून विकला जाणारा खडू बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचा असून अधिक घट्ट आणि जड असतो. पहिल्या कामासाठी साधा जिप्समचा खडूच घ्यावा, कारण तो खरवडला की एकसारखा झिजतो, तर घट्ट खडूचा कधीकधी टवका उडतो. रंगीत खडू टाळावा. लेप देताना त्याचा रंग ओघळतो आणि रेषा बुजतात.

बेळगावच्या गणपत गल्ली किंवा खडे बाजारातील स्टेशनरीच्या दुकानातून एक पूर्ण डबी घ्यावी, सुटे दोन-चार खडू घेऊ नयेत. एका डबीतील सर्व खडू कोरण्यायोग्य नसतात. निवड अशी करावी. खडू काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर लोटावा. तो डुगडुगत गेला तर वाकडा आहे, बाजूला ठेवावा. मग दोन बोटांच्या चिमटीत सैल धरून दुसऱ्या खडूने हलकेच टिचकी द्यावी. स्वच्छ, टणक आवाज आला तर खडू सलग आहे; बद्द आवाज आला तर आत तडा, पोकळी किंवा ओल आहे. शेवटी उजेडात फिरवून पृष्ठभागावर हवेचे बुडबुडे किंवा साच्याची जाड शीर दिसते का ते पाहावे. वरून एक बुडबुडा दिसत असेल तर आत आणखी असण्याची शक्यता मोठी.

आपल्याकडील हवेचा विचार येथेच करावा लागतो. जून ते सप्टेंबर या काळात खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात हवा इतकी दमट असते की उघड्यावर ठेवलेला खडू ओल धरतो, आणि ओला जिप्सम नखानेही दबतो. अथणी-चिकोडीकडे हा त्रास पुष्कळ कमी असतो. पावसाळ्यात काम करायचे असेल तर निवडलेले खडू घट्ट झाकणाच्या डब्यात, नव्या चपलांच्या खोक्यातून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह आठवडाभर ठेवावेत. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात दोन दिवसांचे ऊन पुरेसे होते.

सावधान : खडू लवकर वाळावा म्हणून तव्यावर, चुलीशेजारी किंवा ओव्हनमध्ये ठेवू नये. सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या पुढे जिप्समच्या रचनेतील पाणीच निघून जाऊ लागते आणि खडू कोरडा होण्याऐवजी ठिसूळ, भुगा होणारा बनतो.

टप्पा २ : हत्यारे आणि बैठक

हत्यारे थोडीच लागतात, पण ती नेमकी असावीत. शस्त्रक्रियेसाठी वापरतात ते ११ क्रमांकाचे टोकदार ब्लेड आणि ते ज्यावर बसते ते ३ क्रमांकाचे हँडल सर्जिकल साहित्याच्या दुकानात मिळते. कागद कापण्याचा सरकत्या पात्याचा कटर येथे उपयोगाचा नाही. त्याचे पाते दाबले की लवते, आणि लवलेले पाते सुटताना उसळी मारून नेमका नाजूक भाग तोडते. दाढीचे ब्लेड मोडून वापरण्याची सवय तर पूर्णपणे सोडावी. याशिवाय एक जाड गोधडीची सुई आणि एक बारीक शिवणाची सुई, दोन्ही जुन्या ब्रशच्या दांड्यात घट्ट बसवलेल्या. रंगकामाचा मऊ ब्रश. ४०० आणि ८०० क्रमांकाचा पॉलिश पेपर. मिलिमीटरच्या खुणा स्पष्ट असलेली स्टीलची पट्टी. एक लहान गुण्या. आणि दोन-तीन पट मोठे दाखवणारे, डोक्याला बांधायचे किंवा स्टँडवरचे भिंग. भिंग हातात धरून काम होत नाही, कारण दोन्ही हात कामाला लागतात.

खडू धरण्यासाठी दोऱ्याचे रिकामे रीळ घ्यावे. शाहापूर-वडगावकडे ज्यांच्या घरी माग आहेत त्यांना रिकाम्या बॉबिनी सहज मिळतील. ज्याच्या भोकात खडूचे खालचे टोक कागदाची पट्टी गुंडाळून घट्ट बसेल आणि ज्याचा तळ सपाट असेल असे रीळ निवडावे. रिळामुळे खडू बोटांनी आवळावा लागत नाही, आणि पुढे आखणी करताना हेच रीळ फिरवता येते.

उजेड समोरून किंवा डोक्यावरून घेऊ नये. उजव्या हाताने काम करणाऱ्याने तो डाव्या बाजूने, जवळजवळ आडवा पाडून घ्यावा; तिरप्या उजेडात अर्ध्या मिलिमीटरच्या खाचेचीही सावली दिसते, सरळ उजेडात पांढऱ्यावर पांढरे काहीच कळत नाही. दोन्ही मनगटे टेबलावर टेकलेली असावीत आणि ब्लेड धरलेल्या हाताचे एक बोट खडू धरलेल्या हाताला सतत लागलेले असावे. दोन हात एकमेकांना टेकले की थरथर दोघांची मिळून एकच होते आणि ब्लेड खडूच्या बरोबरीने हलते.

सावधान : खडूची धूळ फुंकून उडवू नये, ती डोळ्यांत आणि नाकात जाते. ब्रशने झाडावी, नाकावर मास्क बांधावा. वापरलेली ब्लेडे औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकून झाकण लावावे. घरात लहान मुले असतील तर हे कामाच्या वेळीच करावे, उठताना नव्हे.

टप्पा ३ : साबणावर हात बसवणे

हा टप्पा लहान आहे, पण तो गाळू नये. अंगाच्या साबणाची वडी कागदातून काढून तीन-चार दिवस वाळू द्यावी आणि वरचा कडक थर खरवडून टाकावा. मग अंगठ्याएवढा तुकडा कापून त्यावर एकच सराव करावा : ब्लेड पृष्ठभागाला जवळजवळ काटकोनात उभे धरून स्वतःकडे ओढायचे आणि कागदाएवढा पातळ थर खरवडायचा. बटाटा सोलतो तसे ब्लेड आडवे घालून काप काढणे साबणात चालून जाते, खडूत मात्र त्याच हालचालीने टवका उडतो. म्हणून साबणावर आकार काढण्याचा मोह ठेवू नये, फक्त खरवडण्याचा दाब शिकावा.

पडताळणी : सलग वीस वेळा खरवडून पृष्ठभागावर एकही खड्डा किंवा पायरी उमटली नाही, तर खडू हातात घ्यावा.

टप्पा ४ : आराखडा आणि आखणी

फळ्याचा खडू साधारण ८० मिमी लांब आणि १० मिमीच्या आसपास जाड असतो आणि बहुतेक खडू एका टोकाकडे किंचित निमुळते असतात. जाड टोक खाली घ्यावे. दीपमाळेला हवा असलेला निमुळतेपणा थोडाफार आपोआप मिळतो. आपला खडू पट्टीने मोजून मगच पुढील मापे घ्यावीत. जाडी ९ मिमी भरली तर सर्व व्यास अर्ध्या मिलिमीटरने कमी करावेत.

खालून वर मोजत जावे. पहिले १२ मिमी रिळात धरण्यासाठी, हे शेवटी कापून टाकायचे आहेत. त्यावर १४ मिमीचा ओटा. त्यानंतर पाच वेळा एकच जोडी येते : ६ मिमीचा गाळा, म्हणजे खांबाचा बारीक भाग, आणि त्यावर अडीच मिमीचा पट्टा. या पट्ट्यांतून पणत्या ठेवायचे हात निघतील. पाच जोड्यांचे साडेबेचाळीस मिमी होतात. वर साडेतीन मिमीची मान आणि सर्वांत वर ८ मिमीचा कळस. बेरीज बरोबर ८० येते. खडू आखूड असेल तर गाळ्यांची उंची कमी करावी, पट्ट्यांची नव्हे. अडीच मिमीपेक्षा बारीक पट्टा पुढे हात कोरताना टिकत नाही.

व्यास वरून खाली असे धरावेत : कळस ६ मिमी आणि मान ४ मिमी. पट्टे अनुक्रमे ७.५, ८, ८.५, ९ आणि ९.५ मिमी. प्रत्येक पट्ट्याखालचे गाळे अनुक्रमे ५, ५.५, ६, ६.५ आणि ७ मिमी. असे केल्याने प्रत्येक हात खांबापासून सारखाच, सव्वा मिलिमीटर बाहेर येतो आणि संपूर्ण दीपमाळ एका ओघाने निमुळती दिसते.

व्यास मोजण्यासाठी जुनी लग्नपत्रिका घ्यावी. तिच्या कडेला ४ मिमीपासून ९.५ मिमीपर्यंतच्या चौकोनी खाचा कापून प्रत्येकीवर आकडा लिहावा. काम चालू असताना ही खाच खांबावर आडवी सरकवून पाहिली की किती खरवडायचे उरले आहे ते तत्काळ कळते; पट्टी खडूला लावून अंदाज घेण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचे आहे.

आता आखणी. खडूवर पेन्सिलीने हाताने गोल रेघा काढल्या तर रेघेची दोन टोके क्वचितच जुळतात. त्याऐवजी खडू रिळात उभा करून रीळ काचेवर ठेवावे. शेजारी आगपेट्यांची चळत रचावी, तिच्यावर खोडरबर ठेवून त्यात बारीक सुई आडवी टोचावी आणि सुईचे टोक खडूला जेमतेम टेकेल असे आणावे. मग चळत दाबून धरून रीळ काचेवर जागीच फिरवावे. सुई त्या उंचीवर बिनचूक कडे आखते. उंची बदलण्यासाठी आगपेट्या वाढवाव्यात आणि बारीक फरकासाठी पत्त्यांची पाने सरकवावीत. उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना यात हाइट गेज, म्हणजे ठरावीक उंचीवर रेघ आखण्याचे उपकरणच दिसेल, आणि तत्त्व खरोखर तेच आहे. रीळ उचलले जाऊ नये, काचेला चिकटूनच फिरावे.

पडताळणी : आखणीपूर्वी खडूला दोन बाजूंनी गुण्या लावून तो उभा काटकोनात आहे का ते पाहावे. खडू कललेला असेल तर सर्व कडी तिरपी येतील, आणि ही चूक पुढे कशानेही सुधारत नाही.

टप्पा ५ : कोरणे

नेहमीचा सल्ला असा असतो की आधी सगळा आकार ढोबळ काढावा आणि मग सर्वत्र बारकावे भरावेत. साबणाच्या किंवा लाकडाच्या ठोकळ्यासाठी तो योग्य आहे. उभ्या, बारीक खांबासाठी तो चुकीचा आहे, कारण ढोबळ काम संपताच संपूर्ण खांब बारीक होतो आणि त्यानंतरचा प्रत्येक बारकावा त्या बारीक खांबाला मोडू पाहतो. म्हणून येथे एक खण, म्हणजे एक पट्टा आणि त्याखालचा गाळा, पूर्ण करावा, अगदी ब्रश मारून स्वच्छ करण्यापर्यंत, आणि मगच त्याखालच्या खणाला हात लावावा. पूर्ण झालेल्या खणाकडे पुन्हा ब्लेड घेऊन जाऊ नये.

५.१ कळस. वरच्या ८ मिमीचे काम रीळ डाव्या हातात धरून करावे. आधी वरचे टोक खरवडून बोथट सुळका करावा, मग कडा मोडत मोडत खालचा भाग फुगीर गोल करावा. सुळका फार टोकदार करण्याचा हट्ट धरू नये. एक मिलिमीटर जाडीचे टोक डोळ्याला टोकदारच दिसते आणि हाताळताना टिकते.

५.२ मान. कळसाच्या खालच्या आणि पहिल्या पट्ट्याच्या वरच्या कड्यावर ब्लेडचे टोक काटकोनात धरून रीळ फिरवत अर्धा मिलिमीटर खोल रेघ पाडावी. या रेघेला रोखरेघ म्हणता येईल. तिच्यामुळे खरवडताना ब्लेड घसरले तरी टवका रेघेपाशी थांबतो. दोन रोखरेघांच्या मधला भाग खरवडावा, पुन्हा रेघा खोल कराव्यात, पुन्हा खरवडावे. ४ मिमीची खाच मानेवर बसली की थांबावे. आतले कोपरे काटकोनी धारदार करू नयेत, सुईच्या बाजूने घासून किंचित गोलसर ठेवावेत. तडा नेहमी धारदार कोपऱ्यातून सुरू होतो.

५.३ पहिला पट्टा. पट्टा खरवडून ७.५ मिमीवर आणावा. आता त्याला आठ हात पाडायचे आहेत. कागदाची अरुंद पट्टी पट्ट्याभोवती गुंडाळून दोन टोके जुळतात तेथे कापावी. ती तीनदा निम्म्यात दुमडली की आठ समान भाग होतात. उलगडून पुन्हा गुंडाळावी आणि घड्यांच्या जागी सुईने ठिपके द्यावेत. मोजपट्टीने आठ भाग करू गेल्यास शेवटचा हात इतरांपेक्षा लहान किंवा मोठा होतो, आणि डोळा नेमका तोच टिपतो.

ठिपक्यांच्या जागी जाड सुईने उभी खाच घासावी : वरून खाली, हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा. येथे ब्लेड दाबून खाच पाडणे ही या संपूर्ण कामातील सर्वांत महागडी चूक आहे. ब्लेड पाचरीसारखे काम करते आणि खडू उभा चिरतो. सुई खडू चिरत नाही, झिजवते. खाच सव्वा मिलिमीटर खोल गेली की समोरासमोरची खाच घ्यावी, लगतची नव्हे. दाब सगळीकडून सारखा राहतो.

५.४ पहिला गाळा. आठही हात पाडून झाल्यावरच त्यांच्याखालचा गाळा बारीक करावा. हा क्रम उलटू नये. हात कोरताना सर्वांत जास्त दाब पडतो, आणि त्या वेळी खाली पूर्ण जाडीचा खडू आधाराला असायला हवा. गाळा ५ मिमीवर आणताना हातांची खालची बाजू सपाट कापू नये, खांबाकडे उतरती ठेवावी. वरची बाजू पणतीसाठी सपाट आणि खालची तिरपी असा हात दिसायलाही खरा वाटतो आणि टिकतोही जास्त. देवळापुढच्या दगडी दीपमाळेचे हात जवळ जाऊन खालून पाहिले तर दगडी हातालाही मुळाशी जास्त जाडी दिलेली आढळेल. कड्यांची खोली आणि सावली यांचा अभ्यास करायचा असेल तर बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीचे गोल घडणीचे खांब संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहावेत; रुंद कड्यापेक्षा अरुंद पण खोल कडे किती ठळक उठते ते तेथे लगेच समजते.

५.५ उरलेले खण. दुसऱ्या पट्ट्यापासून पाचव्यापर्यंत ५.३ आणि ५.४ याच क्रमाने पुढे न्यावे. हात एकाखाली एक सरळ रेषेत यावेत यासाठी पहिल्या पट्ट्याच्या एका खाचेतून ओट्यापर्यंत पेन्सिलीने फिकट उभी रेघ ओढून ठेवावी आणि प्रत्येक कागदी पट्टीची पहिली घडी तिच्यावर आणावी.

पडताळणी : प्रत्येक खणानंतर रीळ डोळ्यांच्या उंचीवर धरून उजेडापुढे सावकाश फिरवावे. खांबाची कड फिरताना आतबाहेर होत असेल तर गाळा एका बाजूला जास्त खरवडला गेला आहे. पुढच्या गाळ्यात ती चूक भरून काढण्याचा प्रयत्न करू नये, फक्त पुढचा गाळा बरोबर करावा.

५.६ ओटा. ओटा अष्टकोनी करावा. चौकोनी करण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो, पण १० मिमी व्यासाच्या वर्तुळात बसणारा चौकोन बाजूला जेमतेम ७ मिमीचा होतो, म्हणजे वरच्या पट्ट्यापेक्षा ओटाच लहान दिसतो. अष्टकोनाच्या बाजू ८०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरवर घासून सपाट कराव्यात. चौकोनी चौथरा हवाच असेल तर तो वेगळा करून खाली जोडावा.

टप्पा ६ : कापून सोडवणे आणि मोडल्यास जोडणे

रिळातले १२ मिमी कापताना दीपमाळ उभी ठेवू नये. मऊ कापडाच्या घडीवर आडवी ठेवून, ओट्याच्या खालच्या कड्यावर ब्लेडने फिरवत फिरवत रेघ खोल करावी आणि तीन मिमी गाभा उरला की रीळ हलकेच वाकवून सोडवावे. तळ काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर गोल गोल घासून सपाट करावा.

काम करताना एखादा हात तुटला तर तुकडा हरवू देऊ नये. तो जोडण्यासाठी फेविक्विक वापरू नये : तो पातळ असल्याने सच्छिद्र खडूत शोषला जातो, सांध्यावर उरत नाही आणि आजूबाजूला कडक, काळपट डाग सोडतो. सुईच्या टोकावर घट्ट फेविकॉलचा कणभर थेंब घेऊन लावावा, तुकडा टेकवावा आणि रात्रभर हात लावू नये. मान किंवा गाळाच मोडला असेल तर जोडण्यात वेळ घालवू नये. त्या खडूचा उरलेला भाग सरावाला ठेवून नवा घ्यावा.

सावधान : इतर कोणत्याही कामात फेविक्विक वापरताना सांडलेला थेंब कापसाने पुसू नये. कापसाशी संयोग होताच तो तापतो, धूर येतो आणि बोट भाजू शकते.

टप्पा ७ : लेप

लेपाशिवाय खडूची दीपमाळ हाताळणीत झिजत राहते. एक भाग फेविकॉल आणि पाच-सहा भाग पाणी असे पातळ मिश्रण मऊ ब्रशच्या टोकाने नुसते टेकवावे, घासू नये; खडू ते स्वतःच शोषून घेतो. ओला खडू त्या क्षणी अतिशय दुबळा असतो, म्हणून पहिला लेप पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत, तो उचलूच नये. मग दुसरा लेप द्यावा. दोन पातळ लेप एका दाट लेपापेक्षा नेहमी चांगले, कारण दाट लेपाने हातांमधल्या खाचा भरून येतात आणि सारे कोरीव काम साखरेच्या पाकात बुडवल्यासारखे दिसते.

स्प्रेचे पारदर्शक लॅकर वापरायचे असेल तर ३० सेंटिमीटर अंतरावरून, कोरड्या दिवशी, उघड्या हवेत वापरावे. पावसाळी दमट हवेत लॅकर वाळताना दुधाळ होते. खानापूर भागात हे काम जुलै-ऑगस्टमध्ये करू नये, दसऱ्यापर्यंत थांबावे.

टप्पा ८ : चौथरा आणि दिवाळीचा किल्ला

बाटलीचे धातूचे झाकण, नारळाच्या करवंटीचा घासून सपाट केलेला तुकडा किंवा आगपेटीवर जाड पुठ्ठा चिकटवून केलेला चौथरा, यांपैकी काहीही चालेल. करवंटीचा गडद रंग पांढऱ्या खडूला सर्वांत जास्त उठाव देतो, असे माझे मत आहे.

आपल्याकडे दिवाळीत दारोदार मुले किल्ले करतात आणि अशी दीपमाळ त्या किल्ल्यावर शोभते. पण तेथेच ती हमखास खराबही होते. किल्ल्याची माती ओली असते, वरून हळिवाचे किंवा मोहरीचे रोप यावे म्हणून रोज पाणी शिंपडले जाते, आणि खडू खालून ती ओल शोषतो. लेप दिलेला असला तरी तळ उघडा राहिलेला असतो. म्हणून किल्ल्यावर ठेवायच्या दीपमाळेचा तळ वितळलेल्या मेणात दोन मिमी बुडवून काढावा आणि ती धातूच्या झाकणावर बसवून मगच मातीत रोवावी. पाणी शिंपडताना उचलून ठेवावी. जवळ खरी पणती लावायची असेल तर वीतभर अंतर ठेवावे, नाहीतर मेण सुटते.

टप्पा ९ : पेन्सिलीच्या शिसातून प्यादे

खडूची एक दीपमाळ अखंड उतरल्यावरच पेन्सिलीकडे वळावे. पेन्सिलीचे शिसे ग्रॅफाइट आणि माती यांचे असते. बी या अक्षराआधीचा आकडा वाढतो तसे ग्रॅफाइटचे प्रमाण वाढते आणि शिसे मऊ होते. साध्या एचबी पेन्सिलीचे शिसे साधारण २ मिमी जाड असते, ते पहिल्या कामाला अपुरे पडते. ६बी किंवा ८बी घ्यावी. त्यांचे शिसे अधिक जाड असते. अक्षरे कोरायची असतील तर सुताराची चपटी पेन्सिल सोयीची, पण प्याद्यासाठी गोल शिसेच हवे.

पेन्सिल एकदा जरी हातातून पडली असेल तर ती वापरू नये. आत शिसे तुटलेले असते आणि बाहेरून काही दिसत नाही. लाकूड ब्लेडने टोकाकडे सोलत शिसे सुमारे १० मिमी उघडे करावे. टोकयंत्र वापरू नये, ते शिशालाही टोक करते. उघडे शिसे बोटाने हलकेच ढकलून पाहावे. जराही डुगडुगले तर पेन्सिल बाद.

येथेही क्रम तोच : आधी वरचा गोल, मग मान, मग खाली पसरत जाणारे अंग आणि शेवटी पायाचे कडे. फरक एवढाच की शिसे खडूप्रमाणे झिजत नाही, कणाकणाने सुटते, म्हणून प्रत्येक स्पर्श अधिक हलका हवा. ब्लेड दर थोड्या वेळाने बदलावे. बोथट ब्लेडला जास्त दाब द्यावा लागतो आणि पहिल्यांदाच काम करणाऱ्यांची बहुतेक शिसे त्या जास्तीच्या दाबानेच मोडतात. मान शिशाच्या जाडीच्या निम्म्यापेक्षा बारीक करू नये. लाकूड शेवटपर्यंत तसेच ठेवावे. तेच हँडल आणि तेच चौथरा.

सावधान : ग्रॅफाइटच्या भुकटीतून वीज वाहते. लॅपटॉप, मोबाइलचा चार्जर किंवा विजेचा बोर्ड जवळ असेल तर तेथे हे काम करू नये, आणि भुकटी ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

टप्पा १० : ठेवणे आणि नेणे

शाळेच्या किंवा गणेशोत्सवातील प्रदर्शनासाठी ही शिल्पे गावाहून बेळगावला नेताना बहुतेक नुकसान कापसामुळे होते. कापसाचे तंतू हातांमध्ये अडकतात आणि तो काढताना हात तुटतात. शिल्पाला डब्यात काहीही टेकू देऊ नये. चौथरा डब्याच्या झाकणाला आतून दुहेरी चिकटपट्टीने बसवावा, वरून पारदर्शक डबा उलटा लावावा आणि डबा फोमच्या तुकड्यांसह मोठ्या खोक्यात ठेवावा. बसमधून नेताना खोके आसनावर किंवा खाली न ठेवता मांडीवर घ्यावे, म्हणजे रस्त्याचे धक्के अंगात जिरतात. प्रदर्शनात पोहोचल्यावर डबा उघडू नये, शिल्प डब्यासकट मांडावे आणि शेजारी एक भिंग दोरीने बांधून ठेवावे, म्हणजे पाहणाऱ्याला शिल्प हातात घेण्याची गरज वाटत नाही.